बदलीला कामगाराची लेखी संमती हवी



चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर लागू झाल्या. त्यानंतर जी चर्चा ऐकू आली ती मुख्यतः ग्रॅच्युइटीची आणि हातात पडणारा पगार घटणार की काय याची. बदलीबद्दल फारसे कोणी बोलले नाही. कात्रज, संतोषनगर, मांगडेवाडी, आंबेगाव या पट्ट्यात मात्र हा घरातला प्रश्न आहे. इथून रोज कंपनीच्या बसने बोगदा ओलांडून खेड-शिवापूर आणि शिरवळला कामाला जाणारी कितीतरी माणसे आहेत. त्यातल्या अनेकांच्या कंपनीचा दुसरा प्लांट गुजरातेत किंवा तमिळनाडूत आहे. तिकडे जाण्याचा आदेश कधीही हातात पडू शकतो.

मी इंजिनिअरिंग कारखान्यात नोकरी केली, युनियनच्या कमिटीवर बरीच वर्षे होतो. त्यामुळे शेजारपाजारची मुले असे कागद घेऊन माझ्याकडे येतात. अलीकडे एका फिटरने आणलेला बदलीचा आदेश अर्ध्या पानाचा होता. 'कामाच्या निकडीमुळे' साणंदला सात दिवसांत रुजू व्हावे, एवढेच त्यात होते. सामान हलवण्याचा खर्च, तिथली राहण्याची सोय, सेवाज्येष्ठता यांबद्दल एक अक्षर नाही. नियुक्तिपत्र मागवून पाहिले, तर तिसऱ्या पानावर बारीक टायपात अट होती की कंपनीच्या देशातील कोणत्याही, अगदी पुढे सुरू होणाऱ्या आस्थापनेतही बदली करता येईल. खाली त्याची सही. नोकरी लागल्याच्या आनंदात असे कागद कोण वाचतो? बायको इथल्या एका दवाखान्यात नर्स, मुलगी चौथीत, आईचे उपचार बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात. त्याने मला विचारले, "काका, पगार किती वाढवून मागू?"

हाच प्रश्न सगळे आधी विचारतात आणि तिथेच फसतात. पगाराचा आकडा डोळ्यांना दिसतो. महाराष्ट्रातला कामगार ज्या कायद्याच्या आधारावर उभा असतो तो आधार मात्र दिसत नाही आणि राज्याची हद्द ओलांडताना तो सोबत नेता येत नाही.

आपल्या राज्याचा 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. धोरणाच्या नावाखाली वाईट हेतूने केलेली बदली ही त्याच्या चौथ्या परिशिष्टात अनुचित प्रथा ठरवलेली आहे. केंद्राच्या कायद्यातही असे वाक्य आहे, हे खरे. पण वाट वेगळी आहे. आपल्याकडे कामगार थेट औद्योगिक न्यायालयात जाऊ शकतो आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम स्थगिती मागू शकतो. इतर राज्यांत आधी समेट अधिकारी, तिथे जमले नाही तर पुढे न्यायाधिकरण. तोवर माणूस एकतर गाठोडे बांधून निघालेला असतो, नाहीतर गैरहजेरीच्या आरोपपत्राला उत्तर देत बसलेला असतो.

आता औद्योगिक संबंध संहितेने काय केले ते पाहा. महाराष्ट्रात 50 कामगारांच्या आस्थापनेला स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम, लागू होत होते. संहितेत ही मर्यादा 300 आहे. कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 वरून 300 वर गेली. आपल्या राज्याच्या कायद्यात 30 टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळू शकते; संहितेत एकाहून अधिक संघटना असतील तर एकटीने वाटाघाट करण्यासाठी 51 टक्के लागतात. 250 माणसांच्या कारखान्यातला कामगार यातून बरोबर उघड्यावर येतो. शिरवळ पट्ट्यात अशा आकाराचे कारखाने थोडेथोडके नाहीत.

बदलीने तुटते ती संघटनाही. इथे वीस वर्षे एकमेकांना ओळखणारी माणसे असतात, करार कसा झाला हे पाठ असते. नव्या ठिकाणी भाषा निराळी, शेजारच्या मशीनवरचा मुलगा कंत्राटी. तिथे युनियन उभी राहायला वर्षे जातात. बदलीच्या यादीत कमिटीची पोरे आधी कशी येतात, हे युनियनमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा.

आणि मुकाट्याने गेलेला तरी टिकतो का? जनरल मोटर्सने 2017 मध्ये गुजरातेतला हालोलचा कारखाना बंद केला, तेव्हा तिथल्या कामगारांपुढे आपल्या तळेगावला बदलीचा पर्याय ठेवला होता. तळेगावचे उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले आणि एप्रिल 2021 मध्ये 1,419 कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. हालोल सोडून तळेगावला बिऱ्हाड केलेल्याने मग कुठे जायचे होते? तळेगावच्या संघटनेला सरकारपुढे आणि न्यायालयात लढता आले, कारण बंद करायला परवानगी लागेल एवढा तो कारखाना मोठा होता.

अमेरिकेतही कारखाने कायदा बघून हलतात. तिथल्या 26 राज्यांत 'राइट टू वर्क' कायदे आहेत : युनियनच्या कराराचा लाभ घेणाऱ्यावर वर्गणीची सक्ती करता येत नाही, त्यामुळे युनियन दुबळी होते. बोईंगने 2009 मध्ये ड्रीमलायनर विमानाच्या दुसऱ्या जोडणीसाठी युनियनचे बळ असलेले वॉशिंग्टन राज्य टाळून दक्षिण कॅरोलिना निवडले आणि पुढे त्या विमानाची सगळी जोडणी तिकडेच नेली. मिशिगनने मात्र 2012 चा असा कायदा 2023 मध्ये रद्द केला. म्हणजे कायदा मागेही घेता येतो.

आयटीतल्या मुलांनी हे आपले नाही असे समजू नये. पुण्यातल्या 'नाइट्स' या संघटनेने 2023 मध्ये टीसीएसविरुद्ध केंद्राकडे तक्रार केली, ती पुरेशी सूचना न देता 2,000 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या बदल्या केल्याचीच होती. आणि बंगळूरुला बदली झाली तर ध्यानात ठेवावे, की कर्नाटकाने आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या जुन्या कायद्यातून वर्षानुवर्षे सूट दिली होती.

उद्योग हलू नयेत असे मी म्हणत नाही. बजाजने 2007 मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबवले, त्याच वर्षी पंतनगरचा कारखाना सुरू झाला. करसवलतीच्या मागे कारखाने जाणारच. पण हलण्याचा सगळा भार कामगाराच्या घरावर का? कोळसा खाणींच्या नमुना स्थायी आदेशांत बदलीसाठी वाजवी पूर्वसूचना, रुजू व्हायला पुरेसा वेळ आणि वाहतुकीचा प्रत्यक्ष खर्च अधिक त्याच्या निम्मी रक्कम द्यावी, असे लिहिलेले होते. खाणकामगाराला जे मिळू शकले ते शिरवळच्या फिटरला नाकारण्याचे कारण काय?

राज्याच्या कामगार विभागाला माझी विनंती आहे. राज्याबाहेरच्या बदलीला त्या वेळी घेतलेली लेखी संमती सक्तीची करा. नियुक्तिपत्रातली जुनी सही संमती म्हणून धरू नका. 300 पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांनाही हा नियम लावा. औद्योगिक संबंध संहितेने केंद्राचे तीन कायदे रद्द केले, त्यांत आपला 1971 चा कायदा नाही. तो जसाच्या तसा राहील हे ठणकावून सांगा.

आणि ज्यांच्या हातात आज असा आदेश आहे, त्यांनी राजीनामा किंवा संमतीपत्र यांवर घाईने सही करू नये. आदेशाची प्रत घ्यावी, तारीख टाकून लेखी हरकत द्यावी आणि युनियनकडे किंवा वकिलाकडे जावे. 1971 च्या कायद्याखाली तक्रारीची मुदत 90 दिवसांची आहे.

— एक निवृत्त कामगार, संतोषनगर, कात्रज, पुणे