शोषखड्ड्यांची वही



मागच्या पंधरवड्यात आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. तिची ताई यंदा कॉलेजात गेली आणि तिनं एन.एस.एस.मध्ये नाव घातलं. आता सात दिवसांच्या शिबिराला एका खेड्यात जायचंय. आजी म्हणते, "घरात केर काढ म्हटलं की तोंड वाकडं होतं, आणि निघाली परक्या गावचे रस्ते झाडायला!" पत्राच्या शेवटी मैत्रीण विचारते, "दादा, आजीचं बरोबर की ताईचं?"

प्रश्न मोठा झकास आहे. पण माझं उत्तर थोडं लांबचं आहे. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर तासगावला यावं लागेल.

तासगाव म्हणजे सांगली जिल्ह्यातलं द्राक्षांचं आणि बेदाण्यांचं गाव. गणपतीचं उंच गोपूर असलेलं देऊळ, ऋषिपंचमीला निघणारा रथ आणि 1942 च्या सप्टेंबरात कचेरीवर निघालेला मोर्चा, या गोष्टी इथली माणसं अजून अभिमानानं सांगतात. तिथल्याच एका कॉलेजात मी शिकत होतो. अकरावी-बारावी संपवून एफ.वाय.ला आलो आणि मित्राच्या नादानं एन.एस.एस.चा फॉर्म भरला. खरं सांगू? दहा मार्क जास्त मिळतात असं कुणीतरी सांगितलं होतं!

एन.एस.एस. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला ती सुरू झाली. तेव्हा 37 विद्यापीठं होती आणि साधारण 40,000 विद्यार्थी. आज ही संख्या लाखांच्या घरात आहे. स्वयंसेवकानं दोन वर्षांत 240 तास काम करायचं आणि एक निवासी शिबिर करायचं, असा नियम. छातीवरच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास. आणि ब्रीदवाक्य, 'नॉट मी बट यू'. म्हणजे मी नाही, तुम्ही. हे वाक्य पाठ करायला आम्हाला एक मिनिट लागलं. समजायला मात्र चार महिने लागले.

1996 च्या डिसेंबरात आमचं शिबिर तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावात होतं. तेव्हा शिबिर दहा दिवसांचं असायचं. आम्ही पन्नास जण, मुक्काम गावच्या शाळेत. पहाटे पाचला शिट्टी, प्रार्थना, गरम उप्पीट, मग आठ ते बारा श्रमदान. दुपारी कुणा पाहुण्यांचं व्याख्यान (त्यात निम्मे जण बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे), संध्याकाळी गावात फेरी आणि रात्री देवळासमोर नाटुकली, गाणी. दिवसा झाडू आणि रात्री प्रबोधन. हे वेळापत्रक काही आमच्या सरांनी शोधलेलं नव्हतं. गाडगेबाबा हयातभर हेच करत गावोगाव हिंडले.

यंदा शोषखड्डे करायचे, असं ठरलं होतं. गावात गटारं नव्हती. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी दारातून रस्त्यावर यायचं आणि तिथंच डबकं साचायचं. घाण पाण्यात अंडी घालणाऱ्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आमचं शिबिर सुरू होऊन संपेपर्यंत डासांची एक नवी पिढी तयार!

शोषखड्डा करायला सोपा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा काढायचा. तळाला मोठे दगड, त्यावर लहान दगड, त्यावर खडी आणि वर जाड वाळू. तोंडाशी बुडाला भोकं पाडलेलं मडकं बसवायचं आणि त्यात काथ्या किंवा गवत भरायचं. पाणी आधी मडक्यात येतं, खरकटं नि साबणाचा मेणचट गाळ गवतात अडकतो आणि निवळ पाणी खाली जमिनीत जिरतं. विहिरीपासून आणि हातपंपापासून मात्र खड्डा चांगला लांब ठेवायचा.

पहिल्या दिवशी टिकाव-खोरी घेऊन निघालो तर गल्लीत सामसूम. आमचा गटप्रमुख चिडला. "बघा, आपण यांच्यासाठी राबायचं आणि गाव झोपलंय!"

एका ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "आरं लेकरा, गाव झोपलंय व्हय? समदी दिस उगवायच्या आत बागंत गेल्यात. द्राक्षाची विरळणी चाललीया. आज रोजगार बुडवला तर संध्याकाळची चूल कोण पेटवणार?"

आम्ही खाली बघितलं. ऑक्टोबरात छाटणी झाली की डिसेंबरात घडांची विरळणी येते, हे तासगावात राहून आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. फक्त तेव्हा सुचलं नव्हतं.

दहा दिवसांत आम्ही 24 खड्डे केले. हाताला फोड आले, फुटले, परत आले. समारोपाला गावातली वडीलधारी मंडळी आली, भाषणं झाली, आम्ही खड्डा कसा साफ ठेवायचा ते माईकवरून सांगितलं, टाळ्या पडल्या. आमच्या चिटणीस मुलीनं निळ्या कव्हरच्या वहीत लिहिलं, 'एकूण शोषखड्डे : 24.' आम्ही गाणी म्हणत परतलो.

खरी गोष्ट इथून पुढं आहे.

मार्चमध्ये अहवाल लिहायची वेळ आली. सर म्हणाले, "पाच जण जा आणि प्रत्येक खड्डा डोळ्यांनी बघून या." आम्हाला वाटलं, फोटो काढायचे असतील. एस.टी.नं गेलो. पहिलंच घर त्या आजींचं, ओढ्याकाठचं. आजी म्हणाल्या, "या बाबांनो, बगा तुमचा खड्डा." खड्डा काठोकाठ भरलेला, वर काळं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. आधी निदान पाणी वाहून तरी जायचं. आता आम्ही त्याला राहायला घर बांधून दिलं होतं.

आजी रागावल्या नाहीत. उलट चहा टाकला. तो चहा घशाखाली उतरेना.

दिवसभर हिंडून 24 खड्डे बघितले. 15 छान चालू होते. नऊ बंद. त्या नवांपैकी सहा ओढ्याकाठच्या वस्तीतले. का, ते घरी येऊन सरांशी बोलताना उमगलं. वरच्या माळावर मुरूम आहे, त्यात पाणी भराभर जिरतं. ओढ्याकाठी काळी माती. ती भिजली की फुगते, चिकट होते आणि पाणी खाली सोडतच नाही. आता गणित करा. पाच माणसांच्या घरात माणशी 40 लिटर धरलं तरी रोजचं 200 लिटर पाणी. एक घनमीटर खड्ड्यात 1000 लिटर मावतं, पण दगडगोटे भरल्यावर जागा उरते निम्म्याहून कमी. 400 लिटर धरा. जमिनीनं पाणी घेतलंच नाही, तर खड्डा दोन दिवसांत भरला! खणायच्या आधी खड्ड्यात दोन-चार घागरी पाणी ओतून ते किती वेळात जिरतं एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. आम्ही बघितलं नव्हतं. आम्हाला आकडा गाठायचा होता.

उरलेले तीन मुरमातलेच होते, पण मडक्यातलं गवत कधी बदललंच नव्हतं. एका काकूंनी विचारलं, "बदलायचं असतं व्हय ते? आमाला कुनी सांगितलं?" आम्ही सांगितलं होतं, पण समारोपाला, सकाळी अकरा वाजता. तेव्हा भांडी घासणाऱ्या सगळ्या बायका बागेत होत्या. ओट्यावरच्या आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं आम्ही कानाआड केलं होतं.

त्या रात्री कॉलेजच्या खोलीत वही समोर ठेवून कडाक्याचं भांडण झालं. गटप्रमुख म्हणाला, "24 खणले हे खरंच आहे ना? मग 24 लिहायचे. खोटं कुठं लिहितोय?"

चिटणीस मुलगी म्हणाली, "खणले 24. चालतात 15. दोन्ही लिहायचं."

"मग आपल्या युनिटला बक्षीस मिळणार नाही."

"नाही तर नाही. आजींच्या दारात अळ्या आहेत."

मी? मी गप्प बसलो होतो, मित्रांनो. मला बक्षीसही हवं होतं आणि आजींचा चहाही आठवत होता. शेवटी तिनं वही माझ्यापुढं सरकवली. "तू मोजलेस ना? तूच लिही." माझ्या अक्षरात '15 चालू, 9 बंद' असं लिहिलं गेलं. हात जड झाला होता, पण लिहिल्यावर बरं वाटलं.

सरांनी वही वाचली. शाबासकी नाही, रागावणं नाही. एवढंच म्हणाले, "आता पुढं काय?"

पुढचे तीन रविवार आम्ही त्या गावात होतो. गटप्रमुखही होता, आणि सगळ्यात पुढं होता. काळ्या मातीतले सहा खड्डे बुजवले. तिथलं पाणी चर काढून परसात वळवलं आणि केळी, अळू, शेवगा लावला. तीन मडकी साफ केली. आणि संध्याकाळी बायका बागेतून परत आल्यावर घरोघर जाऊन गवत कसं बदलायचं ते दाखवलं. माईक नव्हता, टाळ्याही नव्हत्या. बक्षीस? नाही मिळालं.

पुढच्या वर्षीच्या शिबिरात मात्र सरांनी नियमच केला. पहिल्या दिवशी टिकावाला हात लावायचा नाही. फक्त घरोघर जाऊन विचारायचं, माती तपासायची आणि ग्रामस्थांची बैठक रात्री आठनंतर घ्यायची.

याच तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000 साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यात गावानं स्वतःच आपला गाव झाडायचा होता. बाहेरून येऊन कुणी झाडून दिलेला गाव आठ दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा होतो, हे आमच्यासारख्या शिबिरार्थ्यांनी आधीच अनुभवलं होतं.

तर मैत्रिणी, आजीचं बरोबर की ताईचं? आजीचं अर्धं बरोबर आहे. ज्याला घरचा केर दिसत नाही, त्याला गावचा केरही नीट दिसत नाही. पण ताईला जाऊ द्या. घरात तिला कुणी 'अळ्या झाल्यात' असं सांगत चहा पाजणार नाही. ती परत आली की 'किती काम केलंस?' असं विचारू नकोस. 'परत बघायला कधी जाणार?' असं विचार. आई-बाबांनाही विनंती, त्या दुसऱ्या खेपेचं एस.टी.चं भाडं तेवढं आनंदानं द्या.

आणि तुम्ही बाकीचे? या रविवारी एक काम करा. आपल्या मोरीतलं पाणी कुठं जातं, ते शेवटपर्यंत चालत जाऊन बघा. वाटेत डबकं दिसलं तर त्यात वाकून बघा. काय दिसलं, ते वहीत लिहा. जसं दिसलं तसंच लिहा बरं का!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
दादा