सामना दूरदर्शनचा, पण केबलवर नाही

रायगडमधल्या पेण-रोह्यात दर महिन्याला केबलचे पैसे भरणाऱ्या घरात भारताचा एकदिवसीय सामना दूरदर्शनवर लागत नाही. शेजारी छपरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री असेल, तर तिथे मात्र तो फुकट दिसतो. लोक केबलवाल्याला बोल लावतात. भर पावसात तुटलेली वायर जोडायला खांबावर चढणाऱ्या त्या माणसाचा यात काडीचाही दोष नाही.

केबलवाल्याने दूरदर्शन दाखवलंच पाहिजे, हे 1995 च्या केबल कायद्याचं आठवं कलम सांगतं. 2000 च्या दुरुस्तीने दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि राज्याच्या भाषेतली एक वाहिनी 'प्राइम बँड'मध्ये दाखवणं बंधनकारक झालं. जुन्या टीव्हीला या बँडमधलेच मोजके चॅनल स्वच्छ धरता यायचे. त्या पहिल्या जागांसाठी खासगी वाहिन्या केबलवाल्यांना पैसे मोजत. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला, सह्याद्रीला, तिथे बसवलं ते या कायद्यानेच, नाहीतर 'आमची माती, आमची माणसं' पाहायला रोह्याच्या शेतकऱ्याला मुंग्यांच्या पडद्यातच डोळे खुपसावे लागले असते.

पुढे 2007 मध्ये खेळांचा कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचे हक्क विकत घेतलेल्या वाहिनीने त्याचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीलाही द्यायचं, आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला 75 टक्के वाटा हक्कदाराने घ्यायचा. हे दोन कायदे जोडले गेले आणि सामना केबलवरही दिसू लागला. हक्क विकत घेणारे कोर्टात गेले. दूरदर्शनवरच सामना मिळाला तर आमची वाहिनी पैसे भरून कोण घेईल, हा त्यांचा सवाल. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं: मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या फ्री डिशवरूनच दाखवायचं.

कोट्यवधी रुपये मोजणाऱ्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण निकालानंतर दूरदर्शनने बहुतेक जुने मनोरे बंद केले. घरावरचा अँटेना निरुपयोगी झाला. म्हणजे आता फुकट सामना पाहायचा तर वेगळी छत्री बसवा, आणि चाळीत किंवा सोसायटीत छत्रीला जागा नसेल तर पैसे भरा. 2007 च्या कायद्याने सामना सर्वांचा मानला होता. तो आता छप्पर कोणाचं आहे यावर ठरतो.

पेण तालुक्यातल्या हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात सीझनला पाहावं. हात रंगाने माखलेले, नजर मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीवर, कान कोपऱ्यातल्या टीव्हीकडे. विकेट पडली की सगळे ब्रश एकदम थांबतात. रात्रपाळीच्या या कारागिरांना स्पोर्ट्सचा वेगळा पॅक कोण घेऊन देणार? फ्री डिश असलेल्या कारखान्यात सामना चालू असतो, केबलवाल्या कारखान्यात नसतो.

केबलवरच्या दूरदर्शनलाही सामना मिळावा, अशा दुरुस्तीचा मसुदा माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीर करून लोकांची मतं मागवली होती. रायगडच्या खासदारांनी तो विषय संसदेत लावून धरावा. हक्कदाराचा जाहिरातींतला वाटा हवा तर आणखी वाढवा, पण केबलवाल्या घरांना सामन्यातून वगळू नका.