डॉपलर, दिलरुबा आणि आपलं गॅदरिंग

होस्टेलमध्ये एखाद्या गाण्यात गिटार जरा उलटीसुलटी वाजली, गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला, की शेरे ठरलेले असतात. मैत्रिणी म्हणतात, "बंद कर गं, डोकं दुखतं." रेक्टर मॅडम म्हणतात, "ही सगळी नशेडी लोकांची गाणी." आणि तिसरा शेरा खास माझ्यासाठी राखीव – "कॉन्व्हेंटवाली ना ती, तिला इंग्लिशच आवडणार!" मित्रमैत्रिणींनो, पहिल्या शेऱ्यावर माझं काही म्हणणं नाही. डोकं ज्याचं त्याचं. पण उरलेले दोन साफ चुकीचे आहेत, आणि म्हणूनच (तोडक्यामोडक्या का होईना) मराठीत लिहायला घेतलंय.

या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात. नाव व्हायवाला विचारल्यासारखं अवघड आहे, पण अर्थ सोपा. ऐकताना खोलीच्या भिंती थोड्या सरकल्यात असं वाटायला लावणारं संगीत. त्यात नशा होती का? होती, खोटं कशाला बोला. बीटल्स एलएसडी घ्यायचे, हे त्यांनीच सांगून टाकलंय. पण नुसत्या नशेनं गाणं होत असतं, तर दर थर्टी फर्स्टला अलिबागच्या बीचवर एक अल्बम निघाला असता!

मग भिंती सरकतात कशा? तर ते काम इंजिनियरचं. ६ एप्रिल १९६६ ला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सनी 'टुमॉरो नेव्हर नोज' रेकॉर्ड करायला घेतलं. जॉन लेननला आपला आवाज दूर डोंगरावरून आल्यासारखा हवा होता. साउंड इंजिनियर होता जेफ एमरिक, वय वर्षं वीस. म्हणजे माझ्याएवढा! त्यानं लेननचा आवाज लेस्ली स्पीकरमधून काढला. या स्पीकरच्या पेटीत कर्णा गोल फिरत असतो, त्यामुळे आवाज सतत जवळ येतो, लांब जातो, वर चढतो, खाली उतरतो. ओळखीचं वाटतंय ना? अॅम्ब्युलन्सचं उदाहरण देऊन आपण बारावीत जो डॉपलर इफेक्ट पाठ केला, तोच. मी तो पाच मार्कांसाठी घोकला, त्यानं त्यातून आवाज घडवला. त्याच दिवसांत त्याच स्टुडिओतल्या केन टाउनसेंड या इंजिनियरनं टेपवरचा आवाज किंचित उशिरा पुन्हा वाजवून एकाचे दोन करण्याची युक्ती काढली, कारण लेननला तेच गाणं दोनदा गायचा कंटाळा यायचा. आळशी माणसामुळे शोध लागतात ते असे.

आता "इंग्लिश" या शेऱ्याकडे येते. त्याच अल्बमसाठी, अवघ्या पाच दिवसांनी, 'लव्ह यू टू' हे गाणं रेकॉर्ड झालं. त्यावर तबला वाजवलाय अनिल भागवत यांनी. 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं आहे. भागवत! मी ते नाव तीनदा वाचलं. पण पुढची गोष्ट तितकी छान नाही. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'मधल्या 'विदिन यू विदाउट यू' वर लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे कलावंत वाजवत होते. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुबावर, नटवर सोनी तबल्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर. कव्हरवर यांतलं एकही नाव नाही. ती जगासमोर आली २०१७ साली, पन्नास वर्षांनी. एवढ्या वर्षांत करोडो लोकांनी अण्णा जोशींचा दिलरुबा ऐकला, आणि त्यांना वाटत राहिलं की आपण फक्त बीटल्स ऐकतोय.

माझी रूम पार्टनर मुरुडची, ढोलकी झकास वाजवते. एका रात्री लाईट गेलेली, बाहेर पाऊस, तेव्हा तिला 'टुमॉरो नेव्हर नोज' ऐकवलं. जवळजवळ सगळं गाणं एकाच कॉर्डवर आहे, खाली तंबोरा सतत चालू. ती म्हणाली, "हे काय नवीन? आमच्याकडे शिमग्याला पालखी नाचवतात तेव्हा खालूबाजा असाच तासभर अंगात भिनतो." एका वाक्यात तिनं जे सांगितलं, त्यासाठी मी तीन महिने नेट पालथं घालत होते.

आपल्या देशातही हे वारं तेव्हाच आलं होतं. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी बँडची स्पर्धा व्हायची, तिच्यातून १९७० आणि ७१ साली दोन एलपी निघाल्या. (सिगारेट कंपनीनं तरुणांना स्टेज द्यावं, आणि कॉलेजांनी देऊ नये!) मुंबईच्या 'अॅटोमिक फॉरेस्ट' या बँडची 'ऑब्सेशन ७७' ही रेकॉर्ड तर आली थेट १९८१ मध्ये. आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तेच साल. मांडव्याहून बोटीनं तासाभरावरच्या मुंबईतली ही रेकॉर्ड, पण ती पुन्हा बाजारात आणली एका अमेरिकन कंपनीनं, २०११ मध्ये. आपली वस्तू आपल्याला अमेरिकेहून परत मिळते, हे हळदीपुरतंच नाही तर!

नव्यांमध्ये माझा लाडका 'टेम इम्पाला'. नाव बँडचं असलं तरी स्टुडिओत गाणी लिहिणारा, वाजवणारा, रेकॉर्ड करणारा केविन पार्कर हा जवळजवळ एकटाच. २०१० चा 'इनरस्पीकर' त्यानं बराचसा ऑस्ट्रेलियात समुद्रकाठच्या एका घरात रेकॉर्ड केला. समुद्र आपल्याकडेही आहे. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'चा 'बिस्मिल्ला' (२०१९) पण ऐका, त्यात जुन्या हिंदी सिनेमाचा हँगओव्हर आहे. त्यातलं सगळंच मला झेपलं असं नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपलं गॅदरिंग. गेल्या वर्षी टी.ई.च्या चौघांनी स्वतः बांधलेलं गाणं द्यायचं म्हटलं. की-बोर्ड, बेस, ढोलकी, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या एकानं ब्रेडबोर्डवर जोडलेलं इको सर्किट. ऑडिशनला उत्तर मिळालं, "पब्लिकला चालणार नाही, हिट गाणी घ्या." घेतली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, आणि ते सर्किट ड्रॉवरमध्ये पडलं ते अजून तिथंच आहे. चाललं नसतं कदाचित. पण ऐकायच्या आधीच कसं कळलं?

यंदा माझी मागणी साधी आहे. तीन तासांच्या कार्यक्रमात वीस मिनिटं फक्त स्वतः केलेल्या संगीताला द्या. कुठल्याही भाषेत, कुठल्याही वाद्यावर. हूटिंग झालं तर झालं. आणि गाणाऱ्याबरोबर ढोलकी वाजवणाऱ्याचं, मिक्सरवर बसणाऱ्याचं नावही पत्रिकेत छापा. अर्ज जिमखान्याच्या नोटीस बोर्डाशेजारी अडकवलाय. आतापर्यंत चौतीस सह्या झाल्यात, त्यात मेसच्या काकांचीही आहे. ते म्हणाले, "गाणं कळत नाही पोरी, पण नाव छापतात ते बरं." बॉईज होस्टेलच्या सह्या अजून यायच्यात. पेन दोऱ्यानं बांधलेलं आहे, कृपया नेऊ नये.