आई म्हणावें, आणि मग?

साकोली तालुक्यांतील एकोडी येथून एका वाचक भगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे : "नदीला नमस्कार कर, ती आपली आई आहे, असें नातवास सांगितलें. तो म्हणाला, 'आजी, मग तिच्या अंगावर निर्माल्य कां टाकायचें?' मला उत्तर सुचलें नाहीं."

प्रश्न लहानाचा असला तरी लहान नव्हे. सृष्टीला मनुष्यरूप देण्याची आपली चाल जुनी आहे व तिनें जिव्हाळा उपजतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या नात्याचें नांव आपण देतों, त्या नात्याच्या संवयीही मागोमाग येतात. आई सारें पोटांत घालते. म्हणून नदीही घालील, असें आपण धरून चालतों. नागपूरचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानेंत व तेथून वैनगंगेंत येत आलें आहे. 'माता' या संबोधनानें तें अडलें नाहीं.

२०१७ सालीं उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें गंगा-यमुनांस सजीव व्यक्तीचा दर्जा दिला; त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. पुरानें हानि झाल्यास भरपाई कोणी द्यावी, ही सरकारची एक शंका होती. न्यूझीलंडनेंही त्याच वर्षीं वांगानुई नदीस व्यक्ति मानलें. पण तिच्या वतीनें बोलण्यास दोघे पालक नेमण्याची तरतूद कायद्यांतच केली. सारा फरक या पालकांत आहे.

आपल्या भंडाऱ्याचे तलावच पाहा ना! कोहळी समाजानें बांधलेल्या या तलावांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. हा मामा नात्याचा नव्हे. 'माजी मालगुजारी' यांतील तीं आद्याक्षरें. पाळ कोणी नीट करावी, गाळ कोणी काढावा, हें ठरलेलें होतें म्हणून ते टिकले. १९५१ सालीं मालगुजारी गेली, ती घडी विसकटली, आणि पुष्कळ तलाव गाळानें भरले. कित्येकांत बेशरम माजली. अलीकडे कांहीं गांवीं ढीवर मच्छीमारांनीं ती उपटून पाणवनस्पती लाविल्या, तेथें मामा पुन्हां सांवरूं लागला आहे.

तेव्हां भगिनींनीं नातवास मोकळेपणानें सांगावें, "बाळ, तुझेंच खरें." मग दोघांनीं मिळून परसांत एक खड्डा करावा, निर्माल्य त्यांत घालावें, आणि त्याचें खत होईल तें तुळशीला द्यावें. नदीला आई म्हणणें सोडूं नये. मात्र त्या आईचें काय करावयाचें आणि घरांतील कोणी करावयाचें, तें आजच ठरवावें.