थांबवून पाहिलेला चित्रपट

चातुर्मासात आमच्या घरी संध्याकाळ मोठी असते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, सासूबाईंचे सामायिक होते आणि मग थोडा वेळ दूरचित्रवाणीसमोर जातो. या पंधरवड्यात दोन जुने चित्रपट पाहिले.

पहिला आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट आजही जुना वाटत नाही. वनमालाबाईंच्या डोळ्यांत धाक आणि माया एकत्रच दिसतात.

मनात राहिला तो मात्र दुसरा, आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ (२००४). नासातील अभियंता मोहन भार्गव, लहानपणी आपल्याला सांभाळणाऱ्या कावेरीअम्मांना अमेरिकेत नेण्यासाठी चरणपूरला येतो. माझे माहेर वाईचे. पडद्यावर घाट दिसताच मी चित्र थांबवले.

“आई, हा आमचा मेणवलीचा घाट! नाना फडणवीसांनी बांधलेला.”

“अगं, मग चरणपूर कसं म्हणतात?”

“गोष्टीतलं गाव उत्तरेकडचं आहे.”

“नाव काही का असेना, पाणी कृष्णेचंच ना? तेच पुढं आपल्या आयर्विन पुलाखालून जातं.”

पुढे कावेरीअम्मा मोहनला हरिदास नावाच्या शेतकऱ्याकडे खंड वसूल करायला पाठवतात. त्याचे दारिद्र्य पाहून परतताना रेल्वे स्थानकावर एक मुलगा पंचवीस पैशांना पाणी विकताना दिसतो. तोवर बाटलीबंद पाणीच पिणारा मोहन ते पाणी विकत घेऊन पितो. या प्रसंगात संवाद जवळजवळ नाही. शाहरुख खानचा चेहराच सारे सांगतो.

आमचे चिरंजीव चार वर्षांपासून अमेरिकेत आहेत. चित्रपट संपताच ‘हा अवश्य पाहा’ असा निरोप त्याला धाडण्यासाठी मी फोन हाती घेतला. सासूबाईंनी विचारले, “टोमणा मारतेस का त्याला?” मी गप्प राहिले.

त्या म्हणाल्या, “त्या अम्मांनी त्याला ‘इथंच राहा’ असा हट्ट धरला का? कामाला पाठवलं, एवढंच. बाकीचं त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आणि आपलं पोरगं तिथं काय पाहतंय, हे तू कधी विचारलंस?”

अनेकांताविषयी आपण स्वाध्यायात ऐकतो. समोरच्याच्या बाजूने पाहणे मात्र घरातच राहून जाते. फोनवर माझा पहिला प्रश्न नेहमी एकच, ‘कधी येतोस?’ त्याचे उत्तर दोन शब्दांत संपते आणि संभाषणही.

त्या रविवारी मी तो प्रश्न टाळला. ‘दिवस कसा जातो, शेजारी कोण राहतं?’ असे विचारले. शेजारी एकटे वृद्ध गृहस्थ राहतात, दर शनिवारी हा त्यांना भाजी आणून देतो. चार वर्षांत मला हे ठाऊक नव्हते. आम्ही पाऊण तास बोललो. फोन ठेवण्यापूर्वी त्यानेच विचारले, “आई, कृष्णेला पाणी किती आलंय?”

चित्रपट तीन तासांहून मोठा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत दोन संध्याकाळी पाहावा. आणि त्या काही बोलू लागल्या, तर खुशाल मध्येच थांबवावा.