पाण्याची वही

दिवाळीच्या तोंडावर नाशिककरांना 15 ऑक्टोबर ही तारीख आता सवयीची झाली आहे. त्या दिवशी खालच्या जायकवाडी धरणात किती पाणी आहे, ते पाहिले जाते. साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर गंगापूर, दारणा, पालखेड आणि नगरकडच्या धरणसमूहांतून खाली पाणी सोडायचे, हे समन्यायी वाटपाचे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये ते आदेशात घेतले आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी सोडण्याचे तत्त्व उचलून धरले. 2023 साली तर दिवाळीला दोन आठवडे उरलेले असताना साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वाटेत किती मुरणार, जायकवाडीत प्रत्यक्ष किती पोहोचणार, मृत साठा का धरला नाही, असे प्रश्न तेव्हा आपण सगळ्यांनी विचारले. ते योग्यच होते.

तोच काटेकोरपणा स्वतःच्या घरापर्यंत यावा, एवढ्यासाठी हे संपादकीय.

पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो आणि जमा-खर्च दोन्ही रकाने मांडतो. पाण्याची अशी वही घरात नाही, सोसायटीत नाही, आणि महापालिकेकडे असलीच तर ती नागरिकांसमोर उघडी नाही. गंगापूर धरण 1965 मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्याची क्षमता 7200 दशलक्ष घनफूट होती. आज गाळामुळे ती 5630 धरली जाते. धरण आक्रसले आणि शहर पाथर्डी, आडगाव, म्हसरूळपर्यंत पसरले. मग मुकणे धरणातून विल्होळीपर्यंत थेट जलवाहिनी आली. पुढची तहान भागवायला आणखी एखादे धरण शोधण्याआधी, आहे ते पाणी जाते कुठे, हे विचारायला हवे.

नळाला मीटर ही नाशिकला नवी गोष्ट नाही. पण मीटर बसवलेले असणे वेगळे आणि पाणी मोजले जाणे वेगळे. मीटर बंद पडले की सरासरी बिल येते आणि ते वर्षानुवर्षे तसेच चालते. अपार्टमेंटमध्ये सगळ्या इमारतीला बहुधा एकच मीटर असते, खालच्या टाकीपाशी. येणारे बिल देखभाल खर्चात मिसळून फ्लॅटनिहाय सारखे वाटले जाते. एकटी राहणारी आजी आणि रोज दोन गाड्या पाइपने धुणारे कुटुंब, दोघांनाही सारखीच पट्टी. आपण किती वापरले हेच ज्याला दिसत नाही, त्याने बचत कशी करायची? सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी घालवतो. स्वतंत्र मीटर असते, तर त्याच महिन्यात वॉशर बदलला गेला असता.

दराबद्दलही सरळ बोलू. नाशकात घरगुती पाण्याचा दर बरीच वर्षे हजार लिटरला पाच रुपये राहिला. माणशी 135 लिटरच्या निकषाने चौघांच्या घराला महिन्याला सुमारे सोळा हजार लिटर पाणी लागते, म्हणजे ऐंशी-एक्क्याऐंशी रुपये. लिटरभर पाण्याच्या बाटलीला आपण वीस रुपये देत आलो. त्या वीस रुपयांत महापालिका चार हजार लिटर पाणी धरणातून उचलून, शुद्ध करून घरात आणून देत होती. दरवाढीला माझा विरोध नाही. सरसकट दरवाढीला मात्र ठाम विरोध आहे. गरजेपुरते पाणी स्वस्तच हवे. त्यापुढचा प्रत्येक टप्पा चढा असावा. कराडशेजारच्या मलकापूरने 2008 च्या सुमारास हे करून दाखवले. चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर आणि टप्प्यांचा दर. नळ कधीही उघडला तरी पाणी येते म्हटल्यावर पिंपे भरून ठेवणे आणि सकाळी ‘शिळे’ म्हणून ओतून देणे थांबले. लहान नगरपंचायतीला जे जमले, ते 1982 पासून महापालिका असलेल्या शहराला का जमू नये?

पण नागरिकाचा काटा नीट चालायला हवा, तर आधी शहराचा काटा नीट हवा. तास-दोन तास येणाऱ्या पाण्यात रिकाम्या वाहिनीतली हवा आधी धावते आणि मीटर हवेनेही फिरते. त्याहून गंभीर गोष्ट आरोग्याची आहे. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो. जिथे वाहिनी फुटकी असेल आणि शेजारून ड्रेनेज जात असेल, तिथे बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. काहींनी नळाला थेट मोटार लावलेली असते, त्या ओढीने हे आणखी वाढते. सकाळी पहिली पाच मिनिटे गढूळ पाणी येते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. जलशुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी निर्दोष होते, हे उत्तर म्हणून अपुरे आहे. तपासणी शेवटच्या नळावर व्हायला हवी.

त्याची मापे ठरलेली आहेत. भारतीय मानक 10500 प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन हवे, गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत आणि शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको. क्लोरीन पाहण्याची ओटी टेस्ट दोन मिनिटांची असते. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. जिवाणू तपासणीचा नमुना मात्र प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. ग्रामीण भागात तर पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते आणि कार्डाचा रंग गावाला कळतो. शहरात प्रभागाचा रंग कोणता, हे कुणाला ठाऊक असते?

माहिती नसली की भीती वाढते. मग घरोघरी आरओ बसतो. धरणाचे पाणी मुळात मृदू असते. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओची गरज नाही, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये घेतली होती. तरी आपण लिटरभर पाण्यासाठी त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो आणि हा सगळा खर्च केवळ अविश्वासाचा असतो.

हा अविश्वास जाहीर हिशेबानेच जाऊ शकतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचे लेख आहेत. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने लेणे कोरवले, पाण्याची टाकी खोदवली, नद्यांच्या दोन्ही तीरांवर पाणपोया घातल्या. मला त्यातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो. भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवलेल्या तीन हजार कार्षापण नाण्यांचा व्याजासह हिशेब तिथे कोरलेला आहे आणि तो निगमसभेत ऐकवला, फलकावर नोंदवला, असेही लिहिले आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी याच शहराच्या परिसरात सार्वजनिक हिशेब जाहीरपणे मांडण्याची रीत होती. आज पाणीपट्टीच्या बिलावर त्या प्रभागातल्या नळांचे क्लोरीन आणि जिवाणू तपासणीचे निकाल छापायला फारसा खर्चही येणार नाही.

आपल्या बाजूचे कामही राहिलेच आहे. डिसेंबर 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. ते केले नाही किंवा राखले नाही, तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणीची तरतूद आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत शोषखड्डा असतो. पुढे त्यावर पार्किंगच्या फरश्या बसतात. सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत फ्लॅटनिहाय मीटर आणि हा खड्डा, असे दोन विषय वाचकांनी घ्यावेत. जुन्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला पाण्याच्या दोन-तीन वाहिन्या येतात, त्यामुळे मीटर बसवणे खर्चिक आहे, हे मान्य. नव्या इमारतीला ती सबब नाही.

याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जात होत्या. जानेवारी 2022 मध्ये ती छायाचित्रे राज्याने पाहिली, मग तिथे लोखंडी पूल झाला. धो-धो पावसाच्या त्याच तालुक्यातल्या डोंगरांतून गोदावरी उगम पावते आणि गंगापूर धरणात येते. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा हिशेब आपण त्यांनाही देणे लागतो.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात मोठी कामे उभी राहत आहेत. त्यात प्रत्येक जलकुंभाच्या आवक-जावकेला मोठे मीटर बसावे आणि त्याचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध व्हावेत, अशी मागणी आम्ही या अंकाच्या वतीने महापालिकेकडे करत आहोत.