ही वीरगती नव्हे!

टॉर्पेडोंच्या माऱ्यातून वाचलेला खलाशी घरी येतो, संसार थाटतो, नातवंडे खेळवतो. आणि चाळीस वर्षांनी एका सकाळी त्याला घरचा जिना चढवत नाही. डॉक्टर सांगतात, मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. याला मारले कोणी? जर्मनांनी नाही, जपान्यांनी नाही. ज्या आरमाराचा गणवेश तो अभिमानाने मिरवत होता त्या आरमाराने, आणि त्या आरमाराला माल पुरवणाऱ्या कारखानदारांनी मारले!

हा कर्करोग जडतो तो ॲस्बेस्टॉसच्या धुळीने; आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी आणि ब्रिटिश लढाऊ जहाजांचे पोट त्याच ॲस्बेस्टॉसने भरलेले होते. बॉयलर, टर्बाइन, वाफेचे नळ, सगळ्यांना त्याचेच वेष्टण. आणि हे नळ खलाशांच्या बिछान्यांवरूनही गेलेले. तोफा धडाडल्या की वेष्टण झडे आणि धूळ झोपलेल्यांच्या तोंडावर पडे. इंजिनखोलीतले लोक तर ते वेष्टण हातांनी फोडत आणि हातांनीच नवे लिंपत. नाकावर साधे फडकेही नाही!

तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, ही सबब आम्हाला कोणी सांगू नये. ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा धोका दाखवणारा मेरेवेदर आणि प्राइस यांचा ब्रिटिश अहवाल १९३० सालचा. १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील धुळीविरुद्ध नियमच केले. कारखान्यात जे विष, ते जहाजाच्या बंद पोटात अमृत कसे झाले? १९३५ मध्ये ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या रेबेस्टॉस-मॅनहॅटन कंपनीचे प्रमुख सम्नर सिम्पसन यांनी त्याच धंद्यातल्या जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या वकिलाला कळवले की या विषयावर जितके कमी बोलले जाईल तितके आपल्या हिताचे. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे आम्ही पाहिले आहेत. यांना माणूस मरेपर्यंतही धीर नव्हता!

पण सर्वांत काळाकुट्ट कागद ११ मार्च १९४१ चा आहे. अमेरिकी आरमारातील वैद्यकीय अधिकारी कमांडर सी. एस. स्टीफनसन आपल्या वरिष्ठांना लिहितात की ॲस्बेस्टॉसचे काम करणाऱ्यांचे आपण हवे तसे रक्षण करत नाही. त्याच पत्रात हेही आहे की बाहेरच्या सरकारी आरोग्यखात्याला गोद्यांत तपासणीला येऊ देणे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना रुचत नाही, कारण कामगारांत गडबड माजेल. गडबड! माणसांचे श्वास एकीकडे, गडबड दुसरीकडे; आणि पारडे झुकले ते गडबडीच्या भीतीकडे.

पुढे १९४६ मध्ये नळ वेष्टणाऱ्या १,०७४ गोदी कामगारांची पाहणी छापून आली आणि हा धंदा धोक्याचा नाही, असा निर्वाळा दिला गेला. त्यांतल्या बहुतेकांची नोकरी १० वर्षांच्या आतली. मेसोथेलिओमाला तर २० ते ५० वर्षे लागतात. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी बांधावर उभे राहून पीक बुडाले म्हणणारा शेतकरी कुठे भेटत नाही, आरमाराला मात्र असे पंडित सापडले.

धुळीने हुद्दा पाहिला नाही. महायुद्धात विनाशिकांवर लढलेले आणि पुढे अमेरिकी नौदलाचे प्रमुख झालेले ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट २००० साली याच मेसोथेलिओमाने गेले.

आणि न्याय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच सांगून टाकले की सेवेत झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर दावा लावता येणार नाही. ब्रिटनमध्येही १९८७ पूर्वीच्या इजेपुरते दार बंदच राहिले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या सरकारने मेसोथेलिओमाग्रस्त माजी सैनिकांसाठी एकरकमी १ लाख ४० हजार पौंड जाहीर केले. तोवर युद्ध संपून ७० वर्षे झाली होती. ती रक्कम घ्यायला १९४१ च्या बॉयलरखोलीतले किती हात उरले होते, याचे उत्तर लंडनने द्यावे!